गाडी कोण चालवत होतं?

बाबांना मेंदूचा झटका आला तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. डावा हात जरा कमजोर झाला, पण हातपाय वाचले, बोलणं वाचलं, चौथ्या दिवशी ते इस्पितळातल्या चहाला नावं ठेवायला लागले, म्हणून आम्ही समजलो की सुटलो. दोन आठवड्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एका गोल पांढऱ्या यंत्रासमोर बसवलं. आत ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. बाबांनी उजवीकडचा एकही ठिपका सोडला नाही आणि डावीकडचा एकही पकडला नाही. बाहेर येऊन मला म्हणाले, "मशीन बिघडलंय त्यांचं."

डॉक्टरांनी मला आणि दादाला आत बोलावून समजावलं. डोळे चांगलेच आहेत, पण डावीकडचं जे दिसतं ते मेंदूपर्यंत पोचत नाही. आणि आपल्याला तिकडचं दिसत नाही, हेही पेशंटला जाणवत नाही. त्याला वाटतं सगळं दिसतंय. त्यामुळे गाडी चालवणं बंद. दादाने विचारलं, "किती महिने?" डॉक्टर म्हणाले, "महिने नाही. बंद."

बाबांनी बत्तीस वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्याची बस चालवली होती. पहाटे कल्याणहून माणसं भरायची, संध्याकाळी परत आणून सोडायची. एवढ्या वर्षांत एकदाही गाडी कुणाला घासली नाही, हे ते सांगायचे तेव्हा आवाज अजिबात चढवायचे नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी निळी छोटी गाडी घेतली. ती पुसणं हा त्यांचा रोजचा नेम होता. दादा ठाण्याला राहतो. मी लग्न केलं नाही, आई गेल्यापासून डोंबिवलीच्या घरात मी आणि बाबा दोघंच. झटक्यानंतर दादाने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि बाबांच्या देखतच म्हणाला, "ही आता तुझ्याकडे. नाहीतर विकून टाकू." बाबा टीव्ही बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

मी शाळेत गणित शिकवते. लायसन्स होतं, पण शाळा ते घर आणि फार तर बाजार, एवढीच माझी मजल. ट्रकांनी भरलेल्या शीळफाट्याचं नुसतं नाव काढलं तरी माझ्या हातांना घाम फुटायचा. तर आमच्या शाळेत भूगोलाची एक बाई आहे, तिने मला एक खेळ दाखवला. जिओकॅशिंग. कुणीतरी अनोळखी माणूस एखादी डबी कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो. आपण मोबाइल घेऊन शोधत जायचं. सापडली की आतल्या कागदाच्या गुंडाळीवर आपलं नाव, तारीख लिहायची आणि डबी जशीच्या तशी परत ठेवायची. बस, एवढंच.

मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आत काय असतं?"

"कागद."

"आणि?"

"आणि काही नाही."

"लोकांना उद्योग नाहीत," बाबा म्हणाले. पण रविवारी सकाळी मी चपला घातल्या तर ते शर्टाची बटणं लावत दारात उभे.

आमच्या बाजूला अशा डब्या फार नाहीत. ज्या आहेत त्यातल्या निम्म्या कधीच्याच नाहीशा झालेल्या. ज्या उरल्या त्या अशा ठिकाणी, की शेवटचे दोन-तीन किलोमीटर रस्ता म्हणावा असं काही नसायचंच. मलंगगडाच्या पायथ्याकडे जाताना पहिल्याच रविवारी टायर बसला. मी लगेच मोबाइल काढून मेकॅनिक शोधायला लागले. बाबा खाली उतरले, टायरकडे बघितलं आणि म्हणाले, "डिकीत जॅक आहे. काढ." त्यांचा डावा हात अजून नीट घट्ट धरत नव्हता, म्हणून सगळं मला करायला लावलं. नट आधी ढिले करायचे, मग गाडी उचलायची. उलट केलं तर चाक नुसतं फिरत बसतं. पाना बसवून त्यावर पाय ठेवून उभं राहायचं. पंचेचाळीस मिनिटं लागली. येणारे-जाणारे बाइकवाले थांबून मदत करू का विचारायचे, बाबा त्यांना हाताने पुढे जायला सांगायचे. शेवटचा नट आवळून मी उभी राहिले तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. मी दहावीला गणितात पहिली आलेले, तेव्हाही त्यांनी असं बघितलेलं मला आठवत नाही.

त्यानंतर रायत्याच्या पुढे, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर एका दगडाने खालून टाकी फोडली. पेट्रोलचा वास आला आणि मागे वळून बघितलं तर मातीवर ओली रेघ. मी घाबरून गाडीपासून लांब जाऊन उभी राहिले. बाबांनी मला पाठच्या टपरीवर पिटाळलं, कपडे धुवायचा साबण आणायला. साबण हातावर मळून मऊ करायचा आणि भोकात दाबून बसवायचा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. हे सगळं मी गाडीखाली पाठीवर पडून केलं आणि बाबा उकिडवे बसून सूचना देत होते. "अजून दाब. अंगठ्याने. कडा लिंपून घे, पोळीत पुरण भरतेस तशी." गळती थांबली. शहाडच्या गॅरेजपर्यंत आम्ही त्या साबणावर आलो. तो ड्रेस मी तीनदा धुतला तरी वास गेला नाही. डबी त्या दिवशी सापडली नव्हती, पण घरी येताना बाबा गुणगुणत होते.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की बाबांना डबीशी काही घेणं नव्हतं. गाडी बिघडली की ते जागे व्हायचे. मलाही मग बरा रस्ता टाळावासा वाटायला लागला, हे आज लिहिताना कबूल करते. दादाला मी यातलं निम्मंसुद्धा सांगत नव्हते. त्याला वाटायचं, आम्ही टिटवाळ्याला गणपतीला जातो.

ते घडलं जानेवारीत. खडवलीच्या पलीकडे, भातसा नदीच्या बाजूला एका लहान मोरीखाली डबी असल्याचं ॲप सांगत होतं. आम्ही साडेदहाच्या सुमारास गाव ओलांडलं. भात कधीच कापून झालेलं, खाचरं कोरडी, आणि त्यांच्या मधून गाडीएवढा एक मातीचा रस्ता नाकासमोर सरळ गेलेला. उजव्या हाताला पाण्याचा अरुंद पाट. समोर लांबवर एक झाड, बाकी माणूस नाही की जनावर नाही. मी पाणी प्यायला गाडी थांबवली. बाबा बराच वेळ त्या रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जरा देतेस?"

बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं. पाणी हवं असलं तरी स्वतः उठायचे. मी इकडेतिकडे बघितलं. म्हटलं, "त्या झाडापर्यंतच हां."

"त्या झाडापर्यंत."

आम्ही जागा बदलल्या. त्यांनी सीट मागे घेतली, आरसे लावून घेतले, क्लच दोनदा दाबून बघितला. गाडी इतकी अलगद निघाली की मला कळलंसुद्धा नाही. त्याच रस्त्यावर माझ्या हातात ती डबा वाजल्यासारखी वाजत होती. बाबा खड्डे चुकवत नव्हते, खड्ड्यांतून गाडी उतरवून चढवत होते. मला इतकं बरं वाटलं की मी निर्धास्त झाले आणि मोबाइल काढला. मोरी आता किती लांब आहे ते बघायला.

झाड मागे गेलं. मी काही बोलले नाही.

मोबाइलवरून मान वर केली तेव्हा एक बाई माझ्या खिडकीच्या पुढेच होती. रस्त्याच्या डाव्या कडेने, आमच्याकडे पाठ करून, डोक्यावर फाट्यांची मोळी घेऊन चालत होती. मला वाटलं बाबा आता गाडी बाजूला घेतील. एक क्षण गेला. गाडी तशीच सरळ, किंचित तिच्याच बाजूला. बाबांचा चेहरा शांत होता, अगदी सुखात होता. मी दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून उजवीकडे ओढलं.

काटक्यांचा आरशावर आपटल्याचा आवाज झाला. मग पुढचं उजवं चाक पाटात गेलं आणि गाडी नाकावर आदळल्यासारखी थांबली. माझं मनगट मुरगळलं. बाबांचा गुडघा आपटला.

"वेडी आहेस का?" बाबा ओरडले. "स्टीअरिंग कशाला ओढलंस? चालत्या गाडीचं स्टीअरिंग धरतात? कोणी शिकवलं तुला?"

तेवढ्यात डावीकडच्या खाचरातून आवाज आला, "ओ! दिसला नाय का तुमाला?" ती बाई मोळी टाकून खाचरात उडी मारून वाचली होती आणि आता हात टेकून उठत होती.

बाबांनी आवाजाच्या रोखाने सगळी मान वळवली, खांद्यासकट. तिला बघितलं. मग मला विचारलं, "ह्या कुठून आल्या?"

त्यांनी डावीकडचा आरसा बघितला. तो आत मुडपला गेला होता आणि त्यात एक काटकी अडकलेली होती. रस्त्यावर मोळी विखुरलेली. त्यांचे हात स्टीअरिंगवर तसेच होते.

मी उतरून धावत त्या बाईकडे गेले. पन्नाशी उलटलेली असेल. कोपर सोललेलं, लुगड्याला माती. "मावशी, चुकलं हो. खूप लागलं का?" मी विचारलं. तिने कोपराकडे बघितलं, मग माझ्या पाठीमागे गाडीत बसलेल्या बाबांकडे. "आधी त्याला खाली बसव कुठं तरी," ती म्हणाली. "पानी पाज."

बाबांना मी बांधावर बसवलं. बाईने गावातून तिच्या दिराला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. एरवी अशा वेळी बाबांनी दोर कुठे बांधायचा, गिअर कुठला ठेवायचा, सगळं हातात घेतलं असतं. त्या दिवशी ते खाली मान घालून बसून राहिले. दीर दोर बांधता बांधता सहज विचारून गेला, "गारी कोन चालवत व्हता?"

"मी," मी म्हणाले.

बाबा माझ्यापासून चार हातांवर होते. त्यांनी ऐकलं. बाई फाटी गोळा करत होती, तिनेही ऐकलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा वाकली. ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. मी दिराचे आभार मानले. तिला डॉक्टरकडे चला म्हटलं, तर ती म्हणाली, "हलद लावीन," आणि मोळी डोक्यावर घेऊन निघून गेली.

गाडीचा पुढचा भाग चेपला होता, त्यामुळे दादापासून लपवणं शक्य नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. त्यालाही मी तेच सांगितलं. मी चालवत होते, अंदाज चुकला. दादा खूप बोलला. आजारी माणसाला घेऊन असल्या रानात कशाला जायचं, पन्नाशीला आलीस, लहान मुलांसारखी डब्या काय शोधतेस. बाबा जेवत होते. झटक्यापासून ताटातलं डावीकडचं त्यांच्याकडून राहून जायचं. जेवताना मधेच ताट फिरवून घ्या, असं थेरपिस्टने सांगून ठेवलं होतं आणि बाबांनी ते कधी केलं नव्हतं. त्या संध्याकाळी दादाचं बोलणं चालू असताना त्यांनी ताट दोन्ही हातांनी धरलं आणि अर्धं फिरवलं. तिकडे कोशिंबीर होती. ती त्यांनी खाल्ली. दादाच्या ते लक्षात आलं नाही.

पुढचे काही दिवस मी नीट झोपले नाही. डोळे मिटले की ती पाठमोरी बाई दिसायची. मी बाबांना वाचवलं, असं मी स्वतःला सांगत होते. पण वाचवायचं कुणापासून? डॉक्टरांनी सांगितलेलं मला स्पष्ट माहीत होतं. बाबांना एक आनंद द्यायचा म्हणून मी दुसऱ्याच कुणाचा तरी जीव पणाला लावला होता, आणि तिला विचारलंही नव्हतं.

गाडी गॅरेजमध्ये होती. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी ट्रेनने खडवलीला गेले आणि स्टेशनवरून रिक्षाने त्या गावात. ट्रॅक्टरवाल्याचं घर विचारत विचारत तिच्या अंगणात पोचले. ती वाल सोलत बसली होती. कोपराची जखम सुकलेली. मी खाली बसले आणि सगळं खरं सांगितलं. की गाडी मी नाही, वडील चालवत होते, त्यांना डावीकडचं दिसत नाही, हे मला माहीत होतं आणि तरी मी दिली. माफी मागायला आलेय.

तिने हातातली शेंग सोलून पूर्ण केली. मग म्हणाली, "तो चालवत व्हता ता माला तवाच दिसला. म्हातारा बसलेला मी बगितला ना. तू खोटा बोललीस, बापासाठी बोललीस, ता सोर. पन गारीचा आवाज आला तवा मी वलून तुला पन बगितला. तू खाली बगत व्हतीस. हातान मोबाइल."

मी होय म्हणाले.

"म्हातारा आंधला झाला तर झाला. तुजे डोले तर शाबूत व्हते ना?"

मला रडू आलं. तिने मला रडू दिलं, समजूत काढली नाही. बऱ्याच वेळाने आतून पाणी आणून दिलं आणि पुन्हा शेंगा सोलायला बसली. तिचं म्हणणं तिने सांगून टाकलं होतं. मी निघाले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "बाप कसा हाय?"

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा इतका कठीण झाला की मी मधेच थांबले.

"माझ्या वाटची माफी तू मागून आलीस?"

"बाबा, मी माझी—"

"गाडी कोण चालवत होतं?" ते म्हणाले. "त्या दिवशी तू बोललीस आणि मी गप्प बसलो. दादासमोर पुन्हा गप्प बसलो. मला लाज वाटली म्हणून गप्प बसलो. ती चूक माझी आहे. आता तीसुद्धा तू काढून घेणार? गाडी घेतलीत, किल्ली घेतलीत. चूक तरी माझी राहू दे."

मग त्यांनी फोन उचलला आणि दादाला लावला. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, तरी ऐकू येत होतं. बाबा थोडक्यात बोलले. कामावरच्या साहेबाला बिघाड कळवतात तसे. पलीकडून दादा काहीतरी विचारत असावा. शेवटी बाबा म्हणाले, "नाही, कोणाला फार लागलं नाही. तिला काही बोलू नकोस, मी मागितली म्हणून तिने दिली." दादा नंतर मला भेटला तेव्हा ओरडला नाही. जिन्यात थांबून म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तू त्यांना बाहेर नेऊ दिलं नसतंस." त्याने मान हलवली. ते खरं होतं, आणि त्याचंही चुकत नव्हतं.

गाडी दुरुस्त होऊन आल्यावर बाबा स्वतःहून म्हणाले, "खडवलीला जायचंय." त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पूर्ण वाट मी चालवली. ते माझ्या शेजारी बसून होते, एकदाही पाय ब्रेक शोधत पुढे गेला नाही. त्या मातीच्या रस्त्यावर ती जागा आली तेव्हा दोघांनीही त्या पाटाकडे बघितलं, पण मी गाडी थांबवली नाही.

तिच्या घरासमोर मी इंजिन बंद करून उतरायला लागले, तर बाबा म्हणाले, "तू गाडीतच बस."

ते एकटे गेले. अंगणाच्या कुंपणाजवळ जरा थबकले, मान वळवून डावीकडचा खांब बघून घेतला आणि आत शिरले. ती बाई बाहेर आली. तिने पडवीतली खुर्ची पुढे केली, पण बाबा बसले नाहीत. उभे राहूनच बोलत होते. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि तिचा चेहरा. ती मधेच काहीतरी विचारत होती, बाबा हाताने दाखवत होते, चेहऱ्यासमोर आडवी रेघ मारल्यासारखं, इथपर्यंत दिसतं आणि इथून पुढे नाही. असं कुणाला समजावून सांगताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मग ती काही बोलली, बराच वेळ बोलली, आणि बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. मला सुनावलं तसं तिने त्यांनाही सुनावलं असेल. किंवा नसेल. काच वर होती.

मग ते खुर्चीवर बसले. तिने आतून चहा आणला. माझ्याकडे बघून तिने हाताने मलाही बोलावलं, पण बाबांनी नको म्हटलेलं मला दिसलं. मी गाडीतच बसून राहिले. ॲपवर ती मोरी तिथून चारशे मीटरवर दाखवत होती. मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

अर्ध्या तासाने बाबा परत आले. दार लावून घेतलं, पट्टा लावला. मी त्यांच्याकडे बघितलं.

"चल," ते म्हणाले. "रिव्हर्स घेताना सांभाळ, मागे कोंबड्या आहेत."